डावा हात, उजवा हात आणि कूलर

नागपुरात बास गिटारच्या तारा वर्षातून दोनदा जागा सोडतात. होळीच्या आसपास हवा कोरडीठाक झाली की त्या खाली बसतात आणि दांडीवरच्या धातूच्या आडव्या कडांना, म्हणजे फ्रेटना, घासून भनभन करायला लागतात. मग माळ्यावरचा कूलर उतरतो, वाळ्याच्या ताट्या भिजतात, आणि बघता बघता त्याच तारा इतक्या वर चढतात की तासभर वाजवलं तर डाव्या हाताची करंगळी असहकार पुकारते. मुंबईच्या वादक मित्रांना हे सांगितलं की त्यांना खोटं वाटतं. त्यांच्याकडे बाराही महिने चिकचिक. त्यांचा बास एकदा लावला की लावला.

कारण तसं साधं आहे. बासची नेक, म्हणजे दांडी, लाकडाची, बहुतेकदा मेपलची, आणि तिच्यावर बोटं जिथे चालतात ती पट्टी पुष्कळदा रोजवूडची. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. शिवाय चारही तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोंच्या ओढीनं त्या नेकला रात्रंदिवस पुढे वाकवायला बघत असतात. नेकच्या पोटात एक पोलादी सळई असते, ट्रस रॉड, ती उलट्या बाजूनं ओढ धरते. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूला १९२३ साली अशा सळईचं पेटंट मिळालं, आणि नेकचा बाक किल्लीनं कमीजास्त करता येऊ लागला. ओल वाढली की तोल तारांकडे झुकतो, नेकला बाक येतो, तारा उंच होतात. ओल गेली की सळईची सरशी होते, नेक सरळ होते, कधी उलटी मागेच जाते, आणि तारा फ्रेटला टेकतात.

यात कूलरचा जो हात आहे तो मात्र बासबरोबर येणाऱ्या कुठल्याही पुस्तिकेत सापडणार नाही. थंड देशांतले लोक हिवाळ्यात घरं तापवतात, म्हणून त्यांची वाद्यं थंडीत वाळतात; त्यांचे सगळे सल्ले त्या हिशेबाचे. आमचा हिशेब निराळा. मे महिन्यात नागपूरची हवा भट्टीसारखी असते. २३ मे २०१३ ला सोनेगावला ४७.९ अंशांची नोंद झाली होती. (२०२४ च्या मेअखेरीस तर इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ दाखवले. सेन्सर बिघडला होता हे हवामान खात्यानं नंतर सांगितलं, पण तोवर अख्खं शहर मोठ्या अभिमानानं घाम पुसत होतं.) बाहेर अशी कोरडी आग, आणि खोलीत कूलरचा ओला वारा. खिडकीपासून चार हातांवर भिंतीला बास टांगलेला. म्हणजे गावातला हा कोरडाठाक महिना माझ्या बासच्या दृष्टीनं पावसाळाच असतो. कूलर बंद होतो तेव्हा खरा पावसाळा आलेला असतो. त्यामुळे एप्रिलात चढलेल्या तारा दसऱ्यापर्यंत काही खाली येत नाहीत.

आता मुळात त्या किती उंच असाव्यात? इथे माझ्याच दोन हातांचं आपसात पटत नाही.

डाव्या हाताला तारा खाली हव्या असतात. साहजिक आहे. बासच्या तारेची वाजती लांबी चौतीस इंच, म्हणजे ८६४ मिलीमीटर; खर्जाची ई तार अडीच मिलीमीटरहून जाड. ही तार रात्री अकरा वाजेपर्यंत दाबत राहायची तर प्रत्येक अर्धा मिलीमीटर मनगटाला कळतो. उजव्या हाताचं गाऱ्हाणं वेगळं. त्याला तार खुडायची असते, आणि खुडलेल्या तारेला झुलायला जागा लागते. ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हेलकावते. हेलकावा एवढा मोठा असतो की तार डोळ्यांना धूसर पट्टा होऊन दिसते. तेवढी जागा खाली नसली की ती फ्रेटवर आपटते. डाव्याचं ऐकावं तर उजव्यानं हात आवरून वाजवायचं, उजव्याचं ऐकावं तर डाव्यानं रात्रभर सोसायचं. दोन्ही हात माझेच, त्यामुळे निवाडाही मीच करायचा.

कंपन्या मोघम आकडे देतात. फेंडर कंपनीच्या मापांप्रमाणे सतराव्या फ्रेटवर खर्जाच्या तारेखाली साधारण २.४ आणि सगळ्यात बारीक जी तारेखाली २ मिलीमीटर जागा असावी. सुरुवात म्हणून ते ठीक आहेत. पण आजकाल व्हिडिओ बघून पोरं येतात आणि दीड मिलीमीटरच्या खाली बोलतच नाहीत. तार जितकी खाली तितका वादक पोचलेला, असा एक समज झाला आहे. दुकानदारही 'एकदम लो ॲक्शन आहे', म्हणजे तारा अगदी खाली आहेत, असं सांगून बास हातात देतो, जणू एकरकमी सवलत देतो आहे. मला हा समज खोलीत एकट्यानं, हेडफोन लावून वाजवणाऱ्यांचा वाटतो. त्यांना तो लखलाभ. बास ज्याला चार लोकांत वाजवायचा आहे त्यानं उजव्या हाताची बाजू घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत मंडपात तयार झालं. आमचा ऑर्केस्ट्रा गणपतीत वाजतो, लग्नांत वाजतो, आणि खरा हंगाम १४ एप्रिलच्या आगेमागे, जयंतीच्या कार्यक्रमांचा. भीमगीतांत बासला भरपूर काम असतं. ढोलकीच्या थापेला लगटून चालावं लागतं, आणि तरी तिच्या अंगावर जाऊन चालत नाही. एका बाजूला ढोलकी, दुसऱ्या बाजूला ऑक्टोपॅड, पुढे दोन गायक, आणि मॉनिटर, म्हणजे मंचाकडे तोंड केलेला स्पीकर, फक्त गायकांना. मला माझा बास ऐकूच येत नाही. साउंडवाल्याकडे हातवारे केले तर तो अंगठा दाखवतो. मधल्या वेळात जाऊन विचारलं तर म्हणतो, "बाहेर घुमून राहिला ना भाऊ!" बाहेर घुमत असेलही. पण ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो माणूस जोरात बोलतो, आणि वादकही माणूसच आहे. उजवा हात आपोआप कडक होतो. घरी कूलरसमोर बसून प्रेमानं खाली आणलेल्या तारा मग मंडपात फ्रेटवर फटाफटा आपटतात. त्यातला ठोका ऐकू येतो, स्वर दबतो.

'हात हलका ठेव आणि ॲम्प वाढव' हा सल्ला बरोबर आहे. ॲम्प ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी.

उंच तारांची बाजू घेणारा सगळ्यात मोठा साक्षीदार डेट्रॉइटचा आहे. मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य ध्वनिमुद्रणांत बास वाजवणारा जेम्स जेमर्सन. त्याच्या १९६२ च्या प्रिसिजन बासवर तारा चांगल्याच उंच असत, त्याही जाडजूड गुळगुळीत फ्लॅटवाउंड, आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. उजव्या हाताची एकटी तर्जनी वापरायचा. आजच्या हिशेबानं हा बास कुणी दुकानात हातात दिला तर पोरं परत करतील. पण त्या उंचीमुळेच प्रत्येक स्वर भरीव उमटायचा, नंतर इतक्यांनी नक्कल केली तरी न सापडलेला. जेमर्सन आधी उभा डबल बास वाजवायचा, म्हणजे उंच तारांची त्याच्या बोटांना जुनी ओळख होती. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला तोच मुळी हे भलंमोठं धूड वाहून दमलेल्या वादकांना डोळ्यांसमोर ठेवून. फ्रेट असल्यामुळे बोट थोडं मागेपुढे पडलं तरी स्वर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. नेमकेपणाबरोबर फ्रेट आले, आणि फ्रेटबरोबर भनभन आली.

भनभनीबद्दल मला एका कारागिरानं विचारात पाडलं. नागपूरच्या महाल भागात त्यांचं छोटंसं दुकान आहे, हार्मोनियमचे भाते आणि तंबोऱ्यांचं काम. गिटारचा नट, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, घासून घ्यायला मी त्यांच्याकडे जातो. खाच एका केसानं जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागते आणि मग नवा नट घालावा लागतो, म्हणून तिथे मी स्वतः कानस लावत नाही. त्यांनी बास मांडीवर आडवा घेतला, तार छेडली, भनभन ऐकली, आणि मला विचारलं, "खुली ठेवू का बंद?"

ते जवारीबद्दल, म्हणजे तंबोऱ्याच्या झणत्काराबद्दल, विचारत होते. तंबोऱ्याच्या घोडीची पाठ रुंद असते, किंचित गोलाई दिलेली. तार तिच्यावर टेकत-सुटत कंप पावते, म्हणून तो झणत्कार निघतो ज्याच्याशिवाय तंबोरा बोललाच नाही असं आपण म्हणतो. घोडी किती घासायची, किती गोल ठेवायची, यात कारागिराचं आयुष्य जातं. वर तारेखाली सुताचा दोरा सरकवून वादक तो झणत्कार नेमका जागेवर आणतो. ज्या आवाजासाठी ते पन्नास वर्षं घोड्या घासत आले होते तोच आवाज घालवायला मी त्यांच्या दारात उभा होतो. मी म्हटलं, बंद. ते म्हणाले, "आवाज तर चांगला निघून राहिला." पण नट त्यांनी सुरेख केला.

या झणत्काराचं शास्त्र ज्यांनी मांडलं ते चंद्रशेखर वेंकट रामन काही काळ नागपुरातच नोकरीला होते. तेव्हा ते सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते. १९१० मध्ये रंगूनहून बदली होऊन इथे आले आणि वर्षभराच्या आत कलकत्त्याला परत गेले. नागपुरात त्यांनी कुणाचा तंबोरा ऐकला का, याची कल्पना करायला मला आवडतं. पुढे १९२१ मध्ये त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. युरोपातला जुना नियम असा की तार जिथे छेडाल, त्या जागी ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर ऐकू येणार नाहीत. रामन यांनी दाखवून दिलं की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, न निघायला हवे ते उपस्वरही ठणठणीत निघतात, आणि त्याचं मूळ घोडीच्या त्या गोलसर पाठीत आहे.

बासमध्येही याचा एक भाऊबंद आहे. फ्रेट नसलेला बास. अमेरिकन बासवादक जॅको पॅस्टोरियस फ्रेट काढलेला फेंडरचा 'जाझ बास' वाजवायचा, पट्टीवर इपॉक्सीचा थर दिलेला. तिथे तार फ्रेटच्या धारेवर न टेकता पट्टीच्या लांबट सपाटीला अलगद चाटत जाते, आणि स्वर उमटल्यावर फुलत जातो. असा आवाज हवा तर तारा खालीच पाहिजेत, तिथे माझं उंचीचं पुराण चालणार नाही. फ्रेटवर मात्र तार एका बिंदूवर आपटते. फुलणं तिला जमत नाही, ती नुसती खडखडते.

तरीही थोडी खडखड मी आता चालू देतो. नुसता बास कानाशी धरून ऐकला तर बारीकसारीक सगळं ऐकू येतं, पण त्यातलं बरंचसं तारेचा कंप टिपून ॲम्पला देणाऱ्या पिकअपपर्यंत पोचतच नाही. ॲम्प लावून, चारचौघांसारखा आवाज ठेवून ऐकावं. तिथे ऐकू आली ती भनभन खरी, बाकीचा बासवाल्याचा खाजगी मामला.

या वर्षी उन्हाळ्यात मागच्या गल्लीतला एक पोरगा नवा बास घेऊन आला. बर्डीच्या बाजारातून घेतलेला, पहिलाच, पिशवीसुद्धा नवी. "काका, बोटं फाटून राहिले. दुकानवाला म्हणे सवय होते." सवय होते हे खरं, पण एवढ्या उंचीची करायचं कारण नाही. कारखान्यातून निघालेला बास कुठल्या हवेत जाऊन पडेल कुणाला ठाऊक, म्हणून कंपन्या तारा सहसा थोड्या उंचच ठेवून पाठवतात. त्यात हा आमच्या कूलरच्या तावडीत सापडलेला.

त्यानं घरून ॲलन कीचा सेट आणला होता आणि ब्रिजवरचे, म्हणजे बासच्या घोडीवरचे, तारा पेलणारे सॅडल थेट खाली घ्यायच्या बेतात होता. सगळे तेच करतात. मी म्हटलं, थांब, आधी नेक. सूर नीट मिळवले, पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, नेक जिथे अंगाला मिळते तिथे तार बोटानं दाबली. अशी दाबलेली तार म्हणजे सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली जेवढी फट दिसते तेवढा नेकचा बाक. साधारण ०.३ ते ०.३५ मिलीमीटर असावा. मोजायला फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, लागतं. ते मी चौकातल्या टू-व्हीलरवाल्याकडून आणतो, त्याच्याकडे इंजिनचे टॅपेट सेट करायला असतंच. पहिल्यांदा मागितलं तेव्हा तो म्हणाला होता, "गिटारले टॅपेट असते का?" आता न विचारता देतो, फक्त तेलाचा हात लागलेलं असतं ते पुसून घ्यावं लागतं.

पोराच्या बासला दुपटीहून जास्त बाक होता. ट्रस रॉड पाव फेरा आवळला, उजवीकडे. लगेच दुसरा पाव फेरा द्यायला हात शिवशिवतात, पण लाकूड सावकाश ऐकतं. रात्रभर तसाच ठेवला, दुसऱ्या दिवशी परत सूर मिळवून परत मोजला, परत थोडा. सॅडलला हातही न लावता तारा जाणवण्याइतक्या खाली आल्या. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण अजून काम व्हायचं होतं.

सॅडलचा हिशेब मला फार आवडतो. तीन मिलीमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक पेचाचा एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिलीमीटर. पण सॅडल अर्धा मिलीमीटर खाली गेलं म्हणून तार सगळीकडे तेवढीच खाली जात नाही, कारण तिचं दुसरं टोक नटमध्ये जागच्या जागी आहे. बारावा फ्रेट बरोब्बर मध्यावर, तिथे निम्मं, म्हणजे पाव मिलीमीटर. नटजवळ जवळपास काहीच नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन फ्रेटवर बोटं दुखत असतील तर सॅडल कितीही फिरवा, दुखणं जाणार नाही. ते नटचं दुखणं. तसंच भनभनीचं. नटाकडच्या फ्रेटवर भनभन असेल तर नेक फार सरळ झालेली. नुसती वरच्या अंगाला असेल तर सॅडल खाली गेलेलं. एकाच फ्रेटवर असेल तर पुढचा फ्रेट उचलला गेलेला, मग किल्ली खाली ठेवून कारागीर गाठायचा.

पेच फिरवताना बास मी त्याच्याच हातात दिला. ॲम्प लावला आणि सांगितलं, तू वाजव, जसा मित्रांत वाजवतोस तसा, माझ्यासमोर वाजवल्यासारखा नको. माझ्या हातानं त्याची उंची ठरवण्यात अर्थ नाही, माझा उजवा हात इतक्या वर्षांत मंडपाचा झाला आहे. आधी तो लाजत हलकंच वाजवत होता. मग विसरला, आणि असा काही खुडायला लागला की मी खाली आणलेली ई तार मलाच परत वर घ्यावी लागली. मधल्या दोन तारा पट्टीच्या गोलाईप्रमाणे थोड्या वर, कडेच्या खाली. ई २.६ वर थांबली, जी २.१ वर. त्याला आणखी खाली हवी होती. डावा हात बोलत होता. मी म्हटलं, उजव्याला विचार. त्यानं पुन्हा खुडून बघितलं आणि गप्प बसला.

उंची बदलली की स्वरही जरासा सरकतो, कारण तार दाबताना ती किती ताणली जाते ते बदलतं. बाराव्या फ्रेटवर तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर, म्हणजे हार्मोनिक, आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर एकमेकांशी जुळले पाहिजेत. दाबलेला चढा निघाला तर सॅडल मागे, उतरता निघाला तर पुढे. चार तारांना मिळून हे कंटाळवाणं काम आहे आणि ते करताना कूलर बंद ठेवावा लागतो, त्याच्या घरघरीत खर्जाचा अंदाज येत नाही. आम्ही दोघं घामानं निथळलो. बायकोनं दारातून डोकावून विचारलं की एवढा वेळ एकच स्वर का वाजतो आहे.

पोरगा खूश होऊन गेला, आणि आठवड्यानं परत आला तो पाच तारांच्या बासचा फोटो घेऊन. कुणीतरी जुना विकतो आहे, स्वस्तात. पाचवी तार बी, ई च्याही खाली, सेकंदाला जेमतेम ३१ हेलकावे, आणि तिला ई पेक्षाही जास्त मोकळी जागा लागते. त्यानं विचारलं, "काका, तिची ॲक्शन किती ठेवायची?" मी म्हटलं, आधी या चार तारांचं पावसात काय होते ते बघ, पोळ्यापर्यंत थांब. तो थांबणार नाही असं दिसतंय. काल दुपारी टू-व्हीलरवाल्याकडे फिलर गेज मागायला गेलो तर तो म्हणाला, "ते त पोट्ट्यानं नेलं ना भाऊ."